चारचं पाणी

दादर
११ जुलै २०१६

राधा,

"चारला पाणी येणार आहे, हंडा लावून ठेव, पण कुणाला बोलू नको."

चाळीच्या जिन्याखाली उभी राहून तू हे म्हणाली होतीस. मे महिना होता, ब्याऐंशी सालचा. आपण दोघी अकरा वर्षांच्या. तुझ्या गालात चिंचेची गोळी होती, त्यामुळे 'चारला' हा शब्द अर्धाच बाहेर आला आणि मी तुला तो परत म्हणायला लावला. चौतीस वर्षांत मी पुष्कळ विसरले, पण हे वाक्य आणि त्यातली ती गोळी तशीच आहे.

मी दमयंती. काळाचौकीच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या विठोबा परबांची मुलगी. तू मला विसरली असशील असं वाटत नाही, पण तशी समजूत करून घेण्याचा अधिकार मला नाही, म्हणून ओळख देते.

तुझा पत्ता माझ्या एका विद्यार्थिनीने दिला. करुणा तिचं नाव. तिची आई आणि तू शीव कोळीवाड्याच्या विहारात भेटता म्हणे. तू इस्पितळात परिचारिका आहेस, बुधाजीकाका पाच वर्षांपूर्वी गेले आणि कमलामावशी तुझ्याचपाशी असतात, एवढं तिच्याकडून कळलं. फोन नंबरही ती देत होती. मी घेतला नाही. फोन तू ठेवून दिला असतास. पत्र निदान घरात पडून राहतं.

मी परळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून एक नवा विषय सुरू केला, 'पाण्याचा इतिहास'. रसायनशास्त्राचे जयवंत सर पाण्यातला क्षार आणि क्लोरीन शिकवतात, मराठीच्या सुभद्राबाई ओव्या आणि म्हणी शिकवतात, आणि तळी, विहिरी, धरणं, नळ माझ्याकडे. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, सगळी मुलं एका वर्गात. पहिल्या दिवशी मी टेबलावर पाण्याचा पेला ठेवते आणि विचारते, हे इथवर कसं आलं? सायन्सची मुलं तानसा, वैतरणा म्हणतात. कॉमर्सचा एक जण दर वर्षी 'कँटीनमधून' म्हणतो आणि वर्ग हसतो. मग आम्ही फणसवाडीत जाऊन बुजवलेल्या विहिरी शोधतो. चवदार तळ्याला मी अख्खा आठवडा देते. आणि शेवटी गिरणगाव येतं. माग चालायचे तिथे हवा दमट ठेवावी लागे, कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीला पाणी किती लागे, ते सांगते. त्यानंतर एक गोष्ट सांगते.

ती तुझ्या बाबांची गोष्ट आहे. नाव न घेता सांगते. आपल्या चाळीच्या गच्चीवरची टाकी मिलच्या पंपाने भरायची. जानेवारीत संप झाला तसा पंप बंद पडला. पहाटे खालच्या नळाला करंगळीएवढी धार, तेवढ्यात चार मजले. मेमध्ये मिलला आगीसाठीची टाकी भरून ठेवायची होती, म्हणून पंपावरच्या माणसाला बोलावणं आलं. आत कुणी जायचं नाही हा संपाचा निर्णय होता. तो माणूस गल्लीतल्या मागच्या दाराने रोज अर्धा तास आत जायचा आणि जाताना चाळीच्या टाकीचा व्हॉल्व्हही उघडायचा. हीच अट घालून तो गेला होता. रोज चारला पाणी येऊ लागलं. मग चाळीला कळलं कोण जातं ते, आणि चाळीने त्याला वाळीत टाकलं.

मुलं ही गोष्ट ऐकताना पेन खाली ठेवतात.

या वर्षी आमच्या व्याख्यानांचं पुस्तक निघणार आहे. त्यात ही गोष्ट बुधाजीकाकांच्या नावानिशी यावी असं मला वाटतं. त्यासाठी तुझी परवानगी हवी.

आणखी एक. चाळीला कसं कळलं, हे तू मनात धरलं असशील तर सांगते. मी पावणेचारला आमचा हंडा टाकीच्या नळाखाली लावला. चार महिने कोरड्या असलेल्या नळाखाली भर दुपारी कोण हंडा लावतं? बायकांनी तो पाहिला आणि चारला पाणी आलं. हंड्यावरून त्यांनी ओळखलं. माझी चूक तेवढीच.

तुझी
दमयंती


दादर
२ ऑगस्ट २०१६

राधा,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी खाली उतरते.

काल वर्गात ती गोष्ट सांगितली. दर वर्षीसारखी सांगत गेले. चाळीच्या सभेत ठरलं की त्या पंपवाल्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. इथे मी नेहमी थोडी थांबते. मग म्हणते, "त्यानेच चढवलेलं टाकीतलं पाणी मात्र सगळे भरत होते." या वाक्यावर वर्ग गप्प होतो. खरं सांगते, त्या गप्प होण्याची मला सवय लागली आहे.

काल करुणाने हात वर केला. ती मागच्या बाकावर बसते, फारसं बोलत नाही.

"मॅडम, संपफोड्याशी बोलत नाहीत, त्याच्याकडे जेवत नाहीत, हे समजलं. पण पाणीच बंद करायचं, हे कुणाला सुचलं?"

मी म्हटलं, "पूर्वापारची पद्धत आहे. वाळीत टाकायचं म्हणजे…"

"ते माहितीय. माझ्या पणजीला पण माहिती होतं." दोघं-तिघं हसले. ती हसली नाही. "तो पंपवाला कोण होता? म्हणजे, कुठल्या समाजाचा?"

चार वर्षांत हे मी वर्गात कधी बोलले नव्हते. ही संपाची गोष्ट आहे, तिथे समाजाचा काय संबंध, असं मी स्वतःला सांगत आले. मी म्हटलं, "बौद्ध. चाळीतली बाकी बहुतेक कुटुंबं कोकणातली, मराठा."

"मग त्याच्या घरचं पाणी सभेच्या आधी पीत होते का सगळे?"

मी घड्याळाकडे पाहिलं. राधा, मी बावीस वर्षं शिकवते आहे. घड्याळाकडे कधी पाहायचं ते मला चांगलं कळतं. "हे पुढच्या तासाला घेऊ," म्हणाले आणि हजेरीपट मिटला.

जयवंत सर मागे बसले होते. स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता म्हणाले, "दमयंतीबाई, 'माहीत नाही' म्हणायचं होतं. आमच्याकडे चालतं ते."

मी म्हटलं, "माहीत आहे हो. तीच अडचण आहे."

काल घरी येऊन मी आठवत बसले. माझी आई तुमच्या घरी पाणी प्यायली, असा एकही दिवस मला सापडला नाही. ती तुमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तासभर गप्पा मारायची. कमलामावशींना लोणच्याची बरणी द्यायची. कमलामावशी पेला घेऊन आल्या की म्हणायची, "आत्ताच घेतलंय गो, पोटात जागा नाय." दर वेळी. तुझ्या आईला ते कळत होतं, कारण काही वर्षांनी त्यांनी पेला आणणं सोडून दिलं होतं. मला वाटायचं आईला तहान कमी लागते.

म्हणजे सभेने आमच्या घरासाठी नवीन काहीच ठरवलं नाही. होतं त्यालाच आता कारण मिळालं, आणि कारणही असं की ते सांगताना मान ताठ राहावी.

तुमच्याकडे पाणी पिणारी आमच्या घरातली मी एकटीच. तुमच्या माठात वाळा असायचा. ॲल्युमिनियमच्या लोटीला कडेला पोचा होता आणि तो ओठाला बरोबर बसायचा.

दमयंती


दादर
३० ऑगस्ट २०१६

राधा,

तुझं उत्तर मिळालं.

करुणाने तास संपल्यावर हातात दिलं. माझंच पहिलं पाकीट, मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनने चार शब्द. "हंडे बोलत नाहीत, दमे."

चौतीस वर्षांत मला दमे कुणी म्हटलं नाही. मी ते पाकीट घेऊन प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसले. कुणीतरी बीकर धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

खरं आहे. आमच्या हंड्यावर 'सौ. आनंदीबाई विठोबा परब' असं कोरलेलं होतं. त्याने सांगितलं असेल तर एवढंच, की हा हंडा परबांचा. बाकीचं मी सांगितलं.

आता सगळं लिहिते.

त्या दिवशी चारला नळ खाकरला, हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. माझा हंडा पहिला. पाठीमागे बायका बादल्या, डबे, घमेली घेऊन धावत आल्या. सोनूबाई म्हणाली, "ही बघा शहाणी! हिला आधीच सपान पडलं." मला फार छान वाटलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "तुका कसा कळला गो?" मी म्हटलं, "कळलं." तुझं वाक्य मी सांभाळलं होतं, राधा. तोवर सांभाळलं होतं.

मग माझ्या वडिलांनी, आप्पांनी हाक मारली.

तुला आप्पा आठवतात ते मोठ्याने हसणारे, गणपतीत भजनाला बसणारे. संपाच्या चौथ्या महिन्यातले आप्पा तुला माहीत नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझ्याशी, आईशी, कुणाशीच बोलायचे नाहीत. मी निकाल आणला, पहिली आले होते, त्यांनी तो उलटा धरला आणि परत दिला. त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ घेतलं, मांडीवर बसवलं. अकरा वर्षांची घोडी मी. केसांवरून हात फिरवला. म्हणाले, "दमू माझी हुशार. हिला सगळं कळतं. सांग बघू, आत कोण गेलं?"

मी म्हटलं, "राधाचे बाबा."

त्यांनी दरडावलं नव्हतं. मारलं नव्हतं. मी घाबरून सांगितलं असतं तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. ते माझ्याशी बोलले, एवढ्यासाठी मी सांगितलं. आणि सांगितल्यावर त्यांनी पाठ थोपटली, तेव्हा मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. मंडळाच्या खोलीबाहेर बाप्ये बसले होते, आम्ही पोरं जिन्यावर. बुधाजीकाका उभे होते. कुणीतरी ओरडलं, "मस्टरवर सही केलीस की नाही? ते बोल!" काका म्हणाले, "केली. पंपावर केली, मागावर नाही. एक वार कापड निघालं असेल तर मला गेटवर बांधा. टाकी बघा, टाकीत पाणी आहे." "पाण्याचं निमित्त नको सांगूस." "निमित्त नाही. तुमच्या घरात पिंपं भरली की नाही काल?" मग आप्पा उठले. ठराव त्यांनी मांडला. बोलायचं नाही, आणि त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. हात वर झाले. काका खाली बघून हसल्यासारखे झाले. तेव्हा ते हसणं मला समजलं नाही. करुणाने प्रश्न विचारला त्या दिवशी समजलं.

माझ्या वर्गातल्या गोष्टीत ठराव 'कुणीतरी' मांडतं. नाव 'कुणीतरी' फोडतं. मी इतिहास शिकवते, मुलांना सांगते की कर्मणी प्रयोगात लपलेला माणूस आधी शोधा.

दमयंती


दादर
२० सप्टेंबर २०१६

राधा,

काल आमचा शेवटचा तास झाला. मी पेला टेबलावर ठेवला आणि ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. बुधाजीकाकांचं नाव घेतलं नाही, कारण तू परवानगी दिलेली नाहीस. माझं घेतलं. आप्पांचं घेतलं. 'कुणीतरी' दोन्ही ठिकाणांहून काढलं. आई पेला कसा परतवायची ते सांगितलं. सभेनंतरचे एकोणीस दिवसही सांगितले, जे मी आधी एका वाक्यात उरकायची.

त्या एकोणीस दिवसांत तुझे बाबा रोज गेले. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. गल्लीतून जाताना लोक पाठ फिरवायचे. साडेतीनला ते खाली उतरत, चारला नळ वाहायचा आणि पाठ फिरवलेले सगळे हंडे घेऊन रांगेत. तुमचा हंडा रांगेत आला की बायका आपला हंडा मागे ओढून घ्यायच्या. तू शेवटी भरायचीस, धार बारीक झाल्यावर. मी पहिल्या नंबरावर असायचे. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं नाही.

विसाव्या दिवशी तुमचं सामान न्यायला हातगाडी आली. कमलामावशींनी माठ गाडीवर ठेवू दिला नाही, कमरेवर घेतला. दुसऱ्या दिवशी चारला चाळीतले झाडून सगळे हंडे रांगेत होते. साडेपाचपर्यंत बायका कोरड्या नळापाशी थांबल्या. सोनूबाई म्हणाली, "बुधाजीने जाताना किल्ली तरी देऊन जायची की नाय!"

हे सांगितलं तेव्हा वर्गात एक जण हसला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला.

तास संपल्यावर करुणा टेबलापाशी आली. मला वाटलं काही चांगलं बोलेल. माणूस वय झालं तरी पाठ थोपटून घ्यायला टपलेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही आम्हाला सांगून काय उपयोग? आमच्यातलं कुणी तिथं नव्हतं."

म्हणून हे शेवटचं पत्र. एक गोष्ट मी वर्गातही सांगितली नाही. ती फक्त तुझी आणि तुझ्या आईची आहे.

सभेनंतर तिसरा की चौथा दिवस. दुपार. मी तुमच्या दारात आले होते. कशाला आले होते ते मलाच माहीत नव्हतं, पाय आले. तू आत गोधडीवर पालथी पडली होतीस, वळून बघितलं नाहीस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली माठ. गॅलरीत ऊन इतकं होतं की माझी जीभ टाळूला चिकटली होती. कमलामावशी उठल्या. लोटी भरली आणि माझ्यापुढे धरली. तीच, पोचा आलेली. बाहेरच्या बाजूला थेंब जमले होते.

आमच्या मजल्यावरून बघत कुणीही नव्हतं. मी मागे वळून पाहिलं होतं, म्हणून मला माहीत आहे. कुणी नव्हतं, राधा.

मी म्हटलं, "मला तहान नाही."

तुझ्या आईने लोटी दोन्ही हातांनी धरली होती. ती त्यांनी खाली घेतली आणि म्हणाल्या, "बरं बाळा." मग ते पाणी त्यांनी माठात परत ओतलं नाही. दारातल्या रोपाच्या डब्यातही ओतलं नाही. माझ्यासमोर उभ्या राहून स्वतः प्यायल्या, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मी ते संपेस्तोवर तिथेच उभी होते.

पुस्तकातून मी तो भाग काढून घेतला आहे. परवानगीचं विसरून जा. ती मी बुधाजीकाकांसाठी नाही, माझ्या गोष्टीसाठी मागत होते. आप्पा जाऊन तेरा वर्षं झाली. मिल बंद पडल्यावर ते कायम रखवालदारीच करत राहिले, आणि दुपारी चार वाजले की घरात थांबत नसत, एवढं मला माहीत आहे. त्यांच्या वतीने मी काही मागणार नाही. ते त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं.

माझ्यापुरतं मागते. पुढच्या रविवारी मी शीव कोळीवाड्याला येईन. दुपारी चारला. दार उघडलंच पाहिजे असं नाही. उघडलंस तरी आत ये म्हणू नकोस, मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन, माझी आई उभी राहायची तशी. कमलामावशी झोपल्या असतील तर त्यांना उठवू नकोस. आणि 'नाही' म्हणायचं असेल, तर ते म्हणायला चार शब्दही खर्च करू नकोस. मान हलवलीस तरी मी जिना उतरेन. चाळीतल्या प्रत्येक घराने तुमच्या पेल्याला नाही म्हटलं, आणि तुमच्या घराला एकदाही नाही म्हणायची संधी मिळाली नाही. तू ती घेशील असंच मला वाटतं. मी तुझ्या जागी असते तर घेतली असती.

तरी मागते. राधा, मला प्यायला पाणी देशील?

दमी